आय पलस पलस

प्रिय संघू,

आधी आली ती तुझ्या वर्गातली मोना. पायातलं न काढताच चुलीपाशी, "आज्जी, मॅडम आल्यात वं!" मागनं स्कूटीवरनं तुझ्या कॉम्प्युटरच्या क्रांती मॅडम. अगं, गडमुडशिंगीत, आपल्या दारात, कॉलेजच्या मॅडम! मला काय करू नि काय नको झालं. च्यात साखर दोनदा पडली, तरी मॅडमनी सगळा पिला. शेजारची चिमणाबाई कुंपणावरनं बघत हुती. बघू दे की, म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, संघप्रियाचा पेपर पुस्तकाशी अक्षरान् अक्षर जुळला, म्हणून कॉपी धरली. चिठ्ठी कुठनं आणली तिनं? मला आला राग. चिठ्ठी कशाला लागती तिला? ऐका, म्हटलं. नि भाकरी थापत म्हणूनच दाखवलं. फॉर, कंस उघडा, आय इक्वल झिरो, आय लेसदॅन टेन, आय पलस पलस, कंस बंद. रोज सकाळी माझ्या शेजारी बसून तू वंदनेसारखं म्हणायचीस, मी काय बहिरी हाय?

मोना हसाय लागली. मॅडम हसल्या न्हाईत.

मग तुला कधी विचारलं न्हाय ते त्यांना विचारलं. पोरगी आय झिरो का म्हणती? तुझी आय जाऊन सा वर्सं झाली. मला वाटायचं, तिच्याच आठवणीनं म्हणतीस, म्हणून मधी बोलले न्हाय. मॅडम म्हणाल्या, आज्जी, ते इंग्रजी अक्षर हाय, मोजायला धरल्यालं. बुट्टीत भाकरी न्हाय तवर आय शून्य. एक पडली की आय एकनं वाढली. दहा झाल्या की तवा उतरायचा. एवढंच? मग पोरीला का न्हाय सांगितलं? तर खाली बघून म्हणाल्या, "वर्गात साठ जण. समजलं का विचारलं की सगळी हो म्हणतात." मोनाला विचारलं, तिलाबी आय ठावं नव्हतं.

जाताना मॅडम एक बोलल्या, ते काळजाला लागलं. म्हणाल्या, पाठ हुतं म्हंजे चोरी न्हाय, पण आलं असंबी न्हाय. अगं, समजंना तर पाठ कर, हे तुला मीच सांगितल्यालं, तुझ्या आज्जीनं. दुसरीत मीबी तेच केलतं. मास्तरनं उलटं विचारलं, मला सांगता आलं न्हाय, नि माझी शाळा सुटली ती सुटलीच.

कॉपी धरली त्या दिवशी तू सांगितलंस, आज्जे, मी चोर न्हाय. मी म्हटलं, मग कॉपी केली म्हणून सही का दिलीस? इंग्रजी कागद, तू भिऊन न वाचता सही केल्याली, मला तवा कुठं ठावं! आज मोनानं सांगितलं. तवापासनं तू घरातनं गेल्याली, फोनबी बंद. कागलच्या कारखान्यात डबे भरतीस, असं मोना म्हणाली, तिच्याच हाती ही चिठ्ठी देते. तो सहीचा कागद मागं फिरवायचा तर कॉलेजच्या मोठ्या सायबांपुढं तुलाच बोलाय लागंल, नि ते ऐकतीलच असं न्हाय. पण मी संगं येनार हाय. म्हणून दाखवायची पाळी आली तर मीबी म्हणीन, कंसासकट. तू मातूर ये. मॅडम नि मोना बेस्तरवारी सकाळी अकराला परत येतो म्हणाल्यात.

तुझीच,
शेवंता आज्जी