चार नंबर पंपावरची पाटी

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
वीजनिर्मिती केंद्र.

विषय : चार नंबर पंपावरची पाटी काढण्याच्या नमुन्यावर सही करता येत नसल्याबाबत.
संदर्भ : आपले तिसरे स्मरणपत्र.

महोदय,

१. मी पंपगृहात एकोणीस वर्षे तंत्रज्ञ आहे. नियम आपणांस ठाऊकच आहे. यंत्रावर काम करणाऱ्याने स्विचवर 'माणूस कामावर आहे' ही पाटी व स्वतःचे कुलूप लावायचे आणि काम संपल्यावर त्यानेच ते काढायचे. दुसऱ्याने हात लावायचा नाही. चार नंबरवरची पाटी माझ्या धाकट्या भावाची आहे. तो त्याच पंपामागे गेला. त्यास आज एकतीस दिवस झाले.

२. आपले पहिले पत्र त्याच्याच नावे घरी आले : 'आपण पाटी न काढता गैरहजर आहात, खुलासा करावा.' भावजय म्हणाली, "भाऊजी, काय खुलासा देऊ हो मी?" कुलपाची किल्ली तिच्यापाशी आहे. मागायला माझी जीभ रेटत नाही.

३. किल्लीवाचून कुलूप तोडायचे तर त्या दिवशीच्या पर्यवेक्षकाची सही लागते. तो मीच. नमुन्यात छापील वाक्य एकच आहे : 'सदर कर्मचारी सुखरूप बाहेर आल्याची मी स्वतः खात्री केली आहे.' कारकून म्हणतात, "ठोका सही, कोण वाचतंय?" मी वाचले, महोदय, तिथेच घोडे अडले. वाक्य खोडू का, असे विचारले, तर खाडाखोड केलेला नमुना बाद ठरतो असे लेखी उत्तर आले.

४. आता खरे सांगतो. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो म्हणाला, "दादा, छातीत कसंतरी होतंय. जरा बसू का?" लहानपणी शाळा चुकवायची असली की त्याचे पोट दुखायचे. मी म्हणालो, "नाटकं पुरे. बेअरिंग बसव, मग दिवसभर बस." तो हसला आणि पंपामागे गेला. जेवणाच्या सुट्टीत आला नाही. रुसला असेल, असे समजून मी माझा डबा खाल्ला. होय, पोटभर खाल्ला. पाऊण वाजता बघायला गेलो. बेअरिंग चोख बसवलेले होते. तो भिंतीला टेकून बसला होता.

५. पंप बंद ठेवून केंद्राचे नुकसान करण्याचा माझा हेतू नाही. तरी माझे निवेदन असे घ्यावे : कर्मचारी बाहेर आला. चौघांनी उचलून आणला. सुखरूप नव्हता. मी खात्री केली नव्हती. एवढ्यावर कुलूप तोडता येत असेल तर खुशाल तोडावे.

६. मात्र मला पर्यवेक्षक ठेवू नये. झाडू दिला तरी चालेल. फक्त माझ्या हाताखाली यापुढे एकही माणूस देऊ नये, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
(सही)
वरिष्ठ तंत्रज्ञ, पंपगृह
मयत कर्मचाऱ्याचा थोरला भाऊ
दिनांक : १४

सोबत : सही नसलेला नमुना, एक प्रत.