जखम भरेपर्यंत

सोमवार, ३ मार्च
कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. नर्सिंगचं दुसरं वर्ष. मॅडमनी वर्गासमोर माझ्या बँडेजला पगडी म्हटलं. मी ट्रे आपटला आणि निघालो. स्वाभिमान नावाची चीज असते.
सध्या काकांच्या खोलीत अडकलोय. त्यांच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यात पडून पडून कमरेखाली जखम. आई म्हणते, अर्धा नर्स तर आहेसच. एक तारखेपासून ती अटेंडंट ठेवणार आहे. तोवर सहन करतो.

बुधवार, ५ मार्च
ड्रेसिंगला नवीन सिस्टर आली. दिवसाआड येणार. मास्कच्या वर नुसते डोळे. माझ्या हातून ग्लोव्हज घेताना थबकली. साइझ चुकला म्हणाली, पण ते निमित्त.
मानवी विकासाच्या धड्यात होतं, विशीत माणूस जवळीक शोधतो. म्हणजे मी सिलॅबसप्रमाणेच चाललोय.

शनिवार, ८ मार्च
जखम सुकत का नाही, असं काल सिस्टरने विचारलं. मलाच. उजवी कूस बंद, म्हणून डावीकडे वळवतो, तर काका लगेच पुन्हा उताणे. वर मला गाढव म्हणतात. काकूंना जाऊन चार महिने झाले. दुःखाच्या टप्प्यांत राग येतोच. त्यांना तो टप्पा नीट समजावून सांगितला. पाण्याचा ग्लास अंगावर आला. निदान पक्कं.

मंगळवार, ११ मार्च, सकाळ
आरोग्य संवर्धनाची सुरुवात स्वतःपासून. सिगारेट बंद. व्यायाम. संताप बंद.
दुपार
केमिस्टने कापूस वेगळाच दिला. भांडलो. मग सिगारेट. अर्धीच.

शुक्रवार, १४ मार्च
सिस्टर फाटकातून येताना दिसावी म्हणून काकांचा पलंग उलटा फिरवला. आता त्यांची डावी कूस खिडकीकडे. आश्चर्य म्हणजे वळवलं तसे राहिले. विचारलं, आजच कसे शहाण्यासारखे? म्हणाले, "आधी या कुशीवर वळलं की तिचा पलंग दिसायचा रे. रिकामा."
पुस्तकात हे नव्हतं. किंवा त्या दिवशी मी गैरहजर असेन.

शुक्रवार, २१ मार्च
जखम भरत आलीय. सिस्टर म्हणाली, छान काळजी घेताय. आता आठवड्याने येईन. विरह मला सोसतो का, हे बघत असावी.
एक नीच विचार आला. काकांना दोन दिवस वळवलंच नाही तर? जखम पुन्हा ओली होईल, ती पुन्हा दिवसाआड येईल. मी ठाम होतो. तेवढ्यात काका कण्हले. वळवलं. उद्यापासून ठाम.

मंगळवार, २५ मार्च
ठाम राहणं जमलं नाही. प्रत्येक वेळी तो माणूस कण्हतो. शुक्रवारी सरळ बोलूनच टाकणार. वाक्य पाठ केलंय. काकांवर सराव केला. ते म्हणाले, दया येते म्हणून कुणी हो म्हणत नाही.

शुक्रवार, २८ मार्च
इस्त्रीचा शर्ट घातला. सिस्टरने पट्टी काढली. खाली नवी गुलाबी कातडी. मला बघवेना. तोंड उघडणार तोच ती माझ्याकडे बोट दाखवून आईला म्हणाली, "हे घरात असताना माझं काय काम?" आणि बॅग आवरली. मी तिला उरलेला कापूस दिला. एवढंच बोललो, की घ्या.

मंगळवार, १ एप्रिल
अटेंडंट आला नाही. सिस्टर एवढं कौतुक करून गेली म्हटल्यावर आईने त्याला कालच नको म्हणून कळवलं. मी भिंतीवर मूठ आपटली. लागलं.
काका म्हणाले, "तू एकटाच नाही रे. तो येणार म्हणून मीही खूश होतो."
मग म्हणाले, वळव.
वळवलं.