मशीनवर कोण बसणार

सातारा, ८ जानेवारी १९७८

ती. सौ. अंजनाताईस,
धाकट्या नाथाजीचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. माझी तब्येत चांगली आहे आणि खाणावळीतली आमटी अजून तशीच पातळ आहे. पत्राला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

आमच्या कारखान्यात पुढच्या महिन्यात वेल्डिंगचं आपोआप चालणारं मशीन येतंय. साखर कारखान्यांच्या मोठ्या टाक्या आम्ही सहा वेल्डर हातानं जोडतो. एका टाकीला चार दिवस लागतात. साहेब म्हणतात की मशीन तेच काम एका दिवसात करेल आणि चालवायला माणूस लागेल एक. बाकीच्या पाचांचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मला हे काम शिकवणारे आमचे उस्ताद लालासाहेब त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत एकटेच लांब जाऊन बसतात.

मला वाटतं, आताच नोकरी सोडावी आणि पलूसला तुमच्याजवळ येऊन नांगर-कुळव जोडायचं दुकान टाकावं. भाऊजींना विचारून बघ. मेढ्याला पाहून आलेल्या मुलीच्या वडिलांना मात्र इतक्यात काही कळवू नको.

पोरांना गोड पापा. आजवर जीव लावलास तसाच लावत राहा.

तुझा,
नाथाजी


पलूस, १५ जानेवारी १९७८

चि. नाथाजीस,
अ. उ. आ. वि. वि.

पाकिटात तीळगूळ घातला आहे. पोस्टात चुरा झाला असेल, तरी चमच्यानं खा.

पत्र तुझ्या भाऊजींना दाखवलं. ते म्हणाले, रस्त्याकडेची जागा मोकळीच आहे, नाथाजीला कधीही येऊ दे. पण त्यानं ते मशीन पाहिलंय का, ते आधी विचार. मलाही तेच विचारायचं आहे. शाळेत नवे गुरुजी येणार म्हटलं की माझी चौथीतली पोरं त्यांना बघायच्या आधीच रडायला लागतात. तुझं तसंच झालेलं दिसतं.

मेढ्याच्या गुंडाजींचं पत्र आलंच. मुलगा पसंत आहे, फक्त नोकरी टिकाऊ आहे ना, एवढं त्यांना हवं आहे. त्यांच्या राहीला पाहून आल्यापासूनच तू खाणावळीला नावं ठेवायला लागलास, हे माझ्या ध्यानात आलं आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. मशीन डोळ्यांनी बघितल्याशिवाय राजीनामा लिहू नको, एवढं थोरल्या बहिणीचं ऐक.

प्रकृतीला जप. खुशाली कळवत जा, म्हणजे इकडे आमचा जीव थाऱ्यावर राहतो.

तुझी,
ताई


सातारा, २६ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मशीन आलं. एक सरकती गाडी, तिच्यावर तारेचं भेंडोळं आणि भुकटीची पेटी. टाकी खाली रुळांवर सावकाश फिरते, तार जोडात उतरते, वरून भुकटी पडत राहते, आणि जाळ दिसतच नाही. सगळं भुकटीखाली चालतं. आम्ही सहाजण सवयीनं तोंडावर काचा धरून उभे होतो, आणि बघायला काहीच नव्हतं.

पहिली टाकी झकास झाली. निवल्यावर मी जोडावरून बोट फिरवलं. इतका गुळगुळीत होता की खरं सांगतो, हेवा वाटला. दुसऱ्या टाकीला मात्र दोन पत्र्यांमधली फट एका जागी जास्त होती. मशीनला ते काय कळणार. लोखंडाचा रस खाली गळाला आणि हाताएवढं भोक पडलं. पुण्याहून आलेले इंजिनियर मशीनचं पुस्तक चाळत बसले. मग मी म्हणालो की साहेब, आधी आतून हातानं एक पातळ थर भरू द्या, मग बाहेरून मशीन चालवा. तसं केलं, टाकीत पाणी भरून पाहिलं, थेंबसुद्धा गळला नाही. आता प्रत्येक टाकीला आधी हातानं थर द्यायचं ठरलंय, त्यामुळं कुणाला काढणार नाहीत. दोघांना पत्रे कापायच्या खात्यात पाठवलंय. आपला हुन्नर वाया गेला म्हणून ते कष्टी आहेत, पण कामावर आहेत.

मशीनवर लालासाहेब बसलेत. मी हातकामावरच आहे. बाकी क्षेम.

भाऊजींना नमस्कार सांग आणि माझ्यावर रागावू नको.

तुझा,
नाथाजी


पलूस, ५ मार्च १९७८

चि. नाथाजीस,
अ. उ. आ. वि. वि.

रागावू नको असं तू लिहिलंस, तेव्हाच मी समजले की रागावण्यासारखं काहीतरी आहे. भोक कसं पडलं ते हातभर लिहितोस, आणि तुझ्यासारखा आयटीआय झालेला, ज्याच्या युक्तीनं मशीन चाललं तो हातकामावर का राहिला, ते एका ओळीत उरकतोस. साहेबांना उलट बोललास का? की उस्तादांनी वशिला लावला? तू हातकामावरच राहिलास हे गुंडाजींना कुणीतरी सांगितलं आहे आणि ते मागं सरताहेत. उत्तर आलं नाही तर मी थेट लालासाहेबांना लिहीन. कारखान्याचा पत्ता माझ्याजवळ आहे.

रागातही आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई


सातारा, १९ मार्च १९७८

सौ. अंजनाबाई यांस,
लालासाहेबाचा रामराम.

बाई, तुमचं पत्र मिळालं. मी पलटणीत वेल्डिंग शिकलो, लिवायला न्हाई, तवा चुकलं तर सांभाळून घ्या.

वशिला मी लावला न्हाई. मशीनसाठी साहेबांनी पयलं नाव नाथाजीचंच काढलं हुतं. पर माझी एक गोष्ट त्याला ठाव हाय. वीस-बावीस वर्सं जाळ बघून माझं डोळं गेल्या दिवाळीपास्नं लय चुरचुरत्यात, पाणी खळत न्हाई. डॉक्टर म्हनला, जाळाम्होरं बसनं सोडा. नाथाजीबिगर मी कुनाला बोललो न्हाई, कळलं तर घरी बसवत्याल. त्या मशीनला जाळ दिसत न्हाई, हे नाथाजीनं पयल्या दिवशीच हेरलं. साहेबांकडं जाऊन म्हनला, लालासाहेबांस्नी बसवा, मी शिकवतो. साहेब म्हनले, म्हातारा शिकंल व्हय? तर ह्यो म्हनला, त्यांनी मला शिकवलं तवा मलाबी कायच येत नव्हतं.

बाई, मशीनवर समदं इंग्रजी. त्यानं रंगानं परतेक बटनाखाली मराठीत लिवलं: तार, भुकटी, चाल. रोज जेवनाच्या सुट्टीत माझ्यासंगं उभा ऱ्हायला. आता मी एकटा टाकी काढतो. मला त्यानं शपथ घातली हुती कुनाला सांगायचं न्हाई म्हनून. पर त्याचं लगीन मोडाय लागलं तर ती शपथ मी कशापाय पाळू? त्याची नोकरी पक्की हाय, त्याच्या हाताबिगर मशीन हलत न्हाई. मेढ्याच्या पावन्यास्नी खुशाल सांगा.

घरच्या समद्यांस्नी रामराम. म्हाताऱ्यावर लोभ धरा.

लालासाहेब


पलूस, ७ मे १९७८

चि. नाथाजीस,
अ. उ. आ. वि. वि.

शाळेला सुट्टी लागताच मी आणि भाऊजी मेढ्याला जाऊन आलो. जाताना साताऱ्यात तुला भेटलो नाही, कारण तू मला अडवलं असतंस. लालासाहेबांनी मला सगळं लिहिलं होतं. त्यांच्याशी भांडू नको. तुला मी काय काय बोलले ते आठवून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

गुंडाजींना मी काही लपवून ठेवलं नाही. मशीन तुला मिळत होतं, उस्तादांच्या डोळ्यांपायी तू ते त्यांना दिलंस आणि हातकामावर राहिलास, हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले की माणूस भला आहे, पण भल्या माणसाचा संसार कसा चालतो ते मी बघितलं आहे. भाऊजींनी नोकरी पक्की असल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी ते मान हलवेनात.

तेव्हा राही आतून चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथंच उभी राहिली. वडिलांदेखत मला म्हणाली की हे जर रोज जाळापुढं बसणार असतील तर ह्यांच्या डोळ्यांचं काय, काच नीट धरतात का, डॉक्टरला कधी दाखवलंय का. गुंडाजींनी अडकित्ता खाली ठेवला. मग हसले आणि म्हणाले, हिनं तर काळजी करायलाच घेतली, आता मी काय बोलू. श्रावणाच्या आत तारीख धरायची आहे.

डोळ्यांचं उत्तर तूच द्यावंस म्हणून मी तिला, तिच्या वडिलांच्या परवानगीनं, तुझा पत्ता दिला आहे. अक्षर चांगलं आहे मुलीचं. तेव्हा आधी डॉक्टरकडं जाऊन ये आणि मग पोस्टमनची वाट बघ.

वाटेकरीण आली तरी ताईवरची माया कमी करू नको.

तुझी,
ताई