तुम्हाला सांगितलेला डोंगर

आप्पा, परवा एका कॉलेजात मला डोंगरांच्या फोटोंबद्दल बोलायला बोलावलं होतं. मी आठवडाभर लॅबमध्ये रक्त तपासणारी, रविवारी कॅमेरा घेऊन हिंडणारी बाई. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही हे कुठं शिकलात?" म्हटलं, स्वयंपाकघरात. पोरं हसली. पुढचं मला सांगता आलं नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी ते तुम्हालाच सांगायचं राहिलंय.

साखरेच्या आजारानं तुमची नजर नेली आणि नागापूरच्या कारखान्यातलं, लोखंडाचे जॉब घासायचं तुमचं ग्राइंडिंग मशीन सुटलं. तेव्हापासून तुम्ही दिवसभर ओट्याशेजारच्या खुर्चीत. आई भाकऱ्या थापतेय, मी नुकताच घेतलेला सेकंडहँड कॅमेरा मांडीवर धरून बसलेय. "काय काढलंस, सांग," तुम्ही म्हणता. मी उत्साहानं सुरू करते: डोंगर आहे, त्याच्याखाली रस्ता, बाभळी, विजेचे खांब, म्हशी, एक टेम्पो, मागं तळं... तुम्ही हात वर करता. "थांब. घोडेगावच्या बाजारात आणलंस व्हय मला? यवढ्या गर्दीत मी उभा कुठं राहू?"

मला राग आला होता. पण पुढच्या रविवारी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पहिल्यांदा मनात आलं, आप्पांना उभं कुठं करायचं? चार पावलं मागं गेले, खांब चौकटीबाहेर काढले, टेम्पो जाऊ दिला. पुढ्यात एक सपाट खडक घेतला, त्याच्यापुढं उतार, मग डोंगर. घरी येऊन सांगितलं, तेव्हा तुम्ही खुर्चीत जरा पुढं सरकलात, जणू खडकावर पाय ठेवून बघत होता.

"आभाळ कसं हाय?"

"पांढरं."

"म्हंजी ढगाळ?"

"ढग होते, पण फोटोत आले नाहीत."

"मग गेले कुठं?" जास्त उजेडानं जळाले, म्हटलं. तुम्ही म्हणालात, "चाकाला घाई केली की जॉब जळतो. जळालेलं परत येत न्हाई." म्हणून मी आभाळ सांभाळायला शिकले, एक्सपोजर कमी ठेवायला लागले. तर त्यावरही तुम्ही विचारलंत, "सावलीत काय हाय?" काळं, म्हटलं. "सावलीत काळं नसतं पोरी. सावलीत गवत दिसतं, दगड दिसत्यात." मग दुपारचं ऊन सोडून दिलं आणि दिवस कलायची वाट बघायला लागले. पुढं कितीतरी पुस्तकं वाचली. त्यांत याहून फारसं वेगळं काही नव्हतं.

एकदा तुम्ही स्वतःहून मागितलंत. "आमच्या गावामागचा डोंगर काढून आण. सांच्याला काढ. त्याची सावली पयली आमच्या घरावर यायची." एवढंच. मी जामखेडची गाडी धरली, तिथून खर्डा, खर्ड्यापासून पुढं जीपनं तुमचं गाव. गावात उतरले आणि बघते तर निम्मा डोंगर नाही. खडीसाठी फोडलेला. क्रशर चालू होता, धूळ उडत होती. सावली यायच्या वेळी तुमच्या घराच्या पत्र्यावर झळझळीत ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही विचारलंत. आई चहा गाळत होती. मी सगळा डोंगर सांगितला, अख्खा. डावीकडचं टोक, मधली खोलगट खोंगळ, उजवीकडचा उतार.

"सावली कुनीकडं पडली?"

"गावावर. पहिली आपल्या घरावर."

तुम्ही बशीतला चहा संपवून बशी चाचपत ओट्यावर ठेवलीत. मग म्हणालात, "चांगला आलाय." त्यानंतर तुम्ही कुठलाच फोटो सांगायला लावला नाही. दोन महिन्यांत तुम्ही गेलात.

दहाव्याला गावाकडून चुलते आले होते. नदीवर माझ्याशेजारी उभं राहून ते म्हणाले, "डोंगर फोडल्याचं मीच दादाला फोनवर सांगितलं हुतं. तर म्हनला, पोरगी बघून येईल, मग तिच्याकडनं नीट कळंल." म्हणजे मला पाठवलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं. माझं बोलणं तुम्ही सबंध ऐकून घेतलंत, मध्ये एकदाही अडवलं नाहीत. दयेनं ऐकलंत की बाद झालेला जॉब बाजूला ठेवावा तसं, हे मला आजही कळलेलं नाही.

लोकांना मी सांगत आले की म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं नव्हतं, म्हणून खोटं बोलले. हे पत्र कुणाच्या हाती जाणार नाही, म्हणून खरं लिहिते. त्या संध्याकाळी फोडलेल्या जागेतून ऊन आत येत होतं, खडीच्या धुळीत त्याचे पट्टे पडले होते. असा उजेड मी कधी बघितला नव्हता. डोंगराच्या उरलेल्या खांद्याआड सूर्य जाईपर्यंत मी थांबले, म्हणजे आभाळ जळणार नाही. सावलीतला दगडन् दगड आला. माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो तोच आहे, आणि तो मी कुणाला दाखवलेला नाही. आप्पा, तो फोडलेला डोंगर बघून मला आधी आनंद झाला होता. वाईट वाटलं ते परतीच्या जीपमध्ये बसल्यावर.