भिंगरीचा पट्टा आणि माझी माफी

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
भाऊबीजेनंतरचा मंगळवार

तीर्थरूप गणपतमामांच्या पायांशी निशिगंधाचा नमस्कार. (एकाच हाताने करते आहे. दुसऱ्या हातात पेन आहे आणि ते खाली ठेव म्हणून कालपासून लोक मागे लागलेत, म्हणून मुद्दाम ठेवत नाही.) तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि भिंगरीचं दूध ठीक असेल असं धरून चालते. तुमच्या मोटारसायकलचीही तब्येत विचारते. का विचारते ते पुढे येईलच.

तुमचा बावडा काही लांब नाही, फोन केला असता. पण अडचणीचा विषय निघाला की तुम्ही रेंज नाही म्हणून फोन ठेवता आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवता. तंत्रज्ञानावर दर शनिवारी पेपरात अर्धं पान लिहिणाऱ्या बाईला सख्ख्या मामाला गाठायला कागद-पेन लागतं, ही माझ्या धंद्याची कथा. तो धंदा नेमका काय आहे हे आमच्या गल्लीत अजून कुणाला पटलेलं नाही. शेजारच्या आक्का मला मोबाईल दुरुस्तीवाली समजतात आणि नातवाचे फोटो गायब झाले की दारात येऊन बसतात. (सापडतात फोटो. उगीच बोलणार नाही, चहाही मिळतो.)

तर मुद्द्याचं. दिवाळीआधी मी तुमच्याकडे तो 'गोठामित्र' पट्टा आणला होता. म्हशीच्या गळ्यात बांधायचा, मग म्हस कुठं आहे, किती रवंथ केला, आजारी आहे की गाभण, सगळं मोबाईलवर दिसणार, असा त्या कंपनीच्या राजवीरचा दावा. आता माझी एक खोड तुम्हाला माहीत आहे. कंपनीचा कागद वाचून मी लिहीत नाही. फोन आला तर महिनाभर खिशात वागवते, आणि पट्टा आला तर तो म्हशीच्याच गळ्यात गेला पाहिजे. म्हणून तुमच्यादेखत भिंगरीच्या गळ्यात बांधला आणि रोज सकाळी मोबाईल उघडून बसले.

काय काय बघितलं म्हणता! सोमवारी कळलं की भिंगरीने बारा तास रवंथ केला, तब्येत ठणठणीत. मंगळवारी भिंगरी पन्हाळ्याला, तहसील कचेरीच्या दारात, दीड तास. (म्हटलं हिचं काय काम अडलं असेल तिथं?) बुधवारी अभिनंदन आलं, आपली म्हैस गाभण आहे. ते मी तुम्हाला लगेच कळवलं, ही माझी पहिली चूक. गुरुवारी भिंगरी नृसिंहवाडीला जाऊन दुपारच्या वैरणीला परत. आणि पाडव्याला, गाडीमागे म्हशी पळवायच्या दिवशी, तर कहर. सगळा बावडा रस्त्याच्या दोन्ही कडेला उभा, तुम्ही सायलेन्सर काढून गाडी धडधडवत पुढे, मागे शिंगं रंगवलेली, मोरपिसं लावलेली भिंगरी सुसाट, लोकांच्या शिट्ट्या; आणि माझ्या मोबाईलवर काय, तर जनावराला ताप चढलाय, सावलीत बांधा, ओलं पोतं टाका. तिच्या गळ्यात माळा इतक्या होत्या की पट्टा दिसला नाही. म्हटलं असेल आत. ही दुसरी चूक.

शनिवारी लेख आला. मथळा होता 'म्हैस निघाली वाडीला'. आमच्या विश्वजितने (फोटो काढतो तो, गेल्या वर्षी तुमच्याकडे तांबड्या रश्श्याच्या चार वाट्या प्यायलेला) हातात नारळ घेतलेल्या म्हशीचं चित्र काढून दिलं. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या मंडळींनी तो मोठ्याने वाचला म्हणे. माझं नाव असं मोठ्याने वाचलं जाण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मी अंमळ फुगलेही होते.

काल सकाळी दहाला राजवीर वकिलाची नोटीस घेऊन आमच्या कचेरीत हजर. त्याचं म्हणणं, नकाशातलं प्रत्येक ठिकाण खरं आहे, म्हैस गेलीच होती, बदनामी थांबवा. कंपनीच्या जाहिराती आमच्या पेपरात पानपानभर येतात. संपादकांनी मला आत बोलावलं आणि टाईप करून ठेवलेली माफी पुढे सरकवली. त्यात 'अनवधानाने' हा शब्द तीनदा होता. शनिवारच्या अंकात सहीनिशी ही माफी, नाहीतर पान बंद. सात वर्षं चालवलेलं पान, मामा. दुसऱ्याने दिलेल्या शब्दांवर सही करून ते वाचवायचं असेल तर वाचवायचं तरी काय? मी कागद परत सरकवला आणि म्हटलं, "म्हस एकटी पन्हाळ्याला जाते एवढं दाखवा, उभ्या उभ्या सही करते." राजवीर हसला नाही. संपादक मात्र पाणी प्यायले.

तर मी माफी मागणार नाही. पान गेलं तर गेलं. आक्कांच्या दारात मोबाईल दुरुस्तीचं टेबल टाकीन, पण 'अनवधानाने' लिहिणार नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
निशिगंधा

ता. क. काल संध्याकाळी मी बावड्याला येऊन गेले. तुम्ही नव्हता. मामींनी पुढ्यात पेढे ठेवले. कुठले म्हणून विचारलं, तर म्हणाल्या वाडीचे. भिंगरी गाभण असल्याचं कळल्यावर ह्यांनी गुरुवारी गाडीवर जाऊन नारळ फोडला आणि गल्लीभर पेढे वाटले. आदल्या मंगळवारी कुठं होते? मामींच्या माहेरच्या जमिनीच्या कामाला पन्हाळ्यावर. मी उठून गोठ्यात गेले. भिंगरीचा गळा मोकळा, आणि पट्टा तुमच्या गाडीच्या हँडलला, तोही मी बांधून गेले त्याच संध्याकाळपासून. मामींनी तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं: "पट्टा तिच्या कवड्यांच्या माळंला घासतोय की. आणि गाडी जितं, म्हस तितं." मामा, हे पाडव्याच्या रस्त्यावर खरं आहे. पन्हाळ्याच्या घाटात नाही. (वरचं सगळं लिहिताना मला हे ठाऊक होतं. तुम्हाला थोडा घाम फुटावा एवढीच इच्छा.)

दुसरी ता. क. नकाशाबद्दल मी चुकले. ती चूक शनिवारी मी स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावाने छापणार. आठ दिवस मी मोटारसायकलला म्हस समजून परीक्षण लिहिलं, हे कोल्हापूरला सांगताना मला काय वाटेल ते माझं मला माहीत. पण त्याच पट्ट्याने तुमच्या मोटारसायकलला बारा तास रवंथ करायला लावला, तिला गाभण ठरवलं आणि तापल्या इंजिनावर ओलं पोतं टाकायला सांगितलं. त्याची माफी मी ना राजवीरची मागणार, ना संपादकांची. मात्र माझ्या एकटीच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? शुक्रवारी अकराला गाडी घेऊन कचेरीत या. पट्टा हँडलवरून सोडू नका. आणि तो कुठं बांधला होता ते राजवीरसमोर तुमच्या तोंडाने सांगा. पेढ्यांवरून गल्ली हसेल, मला कळतं. दोघं मिळून हसं करून घेऊ. माझं पान राहिलं तर तुमच्या त्या एका वाक्यावर राहील. पत्र विश्वजित आणून देतो आहे. उत्तर घेतल्याशिवाय तो उठणार नाही, म्हणून रस्सा जपून वाढा.

तिसरी ता. क. भिंगरी खरंच गाभण आहे का, ते डॉक्टरांकडून बघून घ्या. गाडीचं मिस्त्रीला विचारा.

शेवटची ता. क. शुक्रवारी निघताना सायलेन्सर काढूनच निघा आणि गोठ्याचं दार उघडं ठेवा. भिंगरीला वेगळं आमंत्रण नको, गाडी निघाली की ती येतेच. फक्त कचेरीचा जिना अरुंद आहे, तिला चढवू नका. संपादकांना मी खाली बोलावते.