यंत्रमागावरच्या कॅमेऱ्याची किल्ली कोणाकडे जावी याबाबत

मी, बिरुदेव ज्ञानबा देवकते, वय त्रेसष्ट, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, धंदा संगणक प्रणाली लिहिण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहीत आहे. संगणकावर मुद्दामच लिहिले नाही. माझ्या संगणकात आणखी कोण डोकावते याची मला खात्री नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझे जुने भागीदार शंकरप्पा हत्तुरे मध्यंतरी फळे घेऊन आले होते. ती मी खाल्ली नाहीत.

१. शुक्रवार पेठेतील राहते घर माझ्या कष्टाचे आहे. ते व बँकेतील शिल्लक पत्नी वच्छला हिला. तिच्या पश्चात घर मुलगी सोनाली हिला. मागच्या खोलीत भाडेकरू खुशाल ठेवावा, मात्र हत्तुऱ्यांच्या ओळखीतला नको. हे वाचून दाखवल्यावर वच्छला म्हणाली, “आता माझ्यावर तेवढा संशय यायचा राहिलाय की.” तिच्यावर नाही, हे येथे नमूद करतो.

२. केम येथील माझ्या वाट्याची जमीन पुतण्या रेवण यास. जमिनीच्या बाबतीत तो प्रामाणिक आहे. इतर बाबतींत का नाही, ते पुढे येईल.

३. आता मुख्य गोष्ट. शंकरप्पा आणि मी मिळून यंत्रमागासाठी एक कॅमेरा तयार केला. कामगाराचा हात धोक्याच्या जागी गेला की माग आपोआप थांबतो. प्रणाली मी लिहिली, तिचे हक्क माझ्या नावावर आहेत. तिच्यात कसलाही बदल करायचा तर एक लांबलचक गुप्त शब्द लागतो. त्यालाच मी किल्ली म्हणतो. ती तेव्हा आम्हा दोघांकडे होती.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हुसेनसाब माग चालवत होते. एके दिवशी ते माझ्या घरी आले. म्हणाले, “साहेब, पगारवाढीचं आमी तिघं मागापाशीच बोल्लो. मालकानं मला बोलावून माझंच बोलणं मला ऐकवलं. कामावरनं काढलं. तुमच्या डब्याला कान हायेत का?”

कॅमेऱ्यात आवाज टिपण्याची सोय होती. मी ती बंद ठेवली होती. तपासले तर ती चालू होती. शंकरप्पाला विचारले. तो लाजलासुद्धा नाही. “बिरू, मालक खूश तर कॅमेरे लागतील, कॅमेरे लागले तर शेकड्यांनी हात वाचतील. तिघांचं बोलणं ऐकलं तर काय बिघडलं? हिशेब कर की.”

मी म्हणालो, “त्यांनी हात दाखवायला होकार दिला होता. बोलणं ऐकायला कोणी विचारलं होतं?”

मी किल्ली बदलली, आवाज सगळीकडे बंद केला आणि कारखान्याच्या फाटकावर उभे राहून कामगारांना सांगितले. भागीदारी मोडली. काही मालकांनी कॅमेरेच काढून टाकले. त्यातल्या एका कारखान्यात पुढे एका बाईची बोटे गेली. शंकरप्पा दारात येऊन म्हणाला, “तुझ्या तत्त्वानं गेली ती बोटं.” ती बोटे माझ्या हिशेबात आजही आहेत. म्हणूनच वच्छला “मोडून टाका की सगळं” म्हणते, ते मला जमत नाही.

४. किल्ली कोणाला द्यावी हे ठरवण्यासाठी मी रेवण व सोनाली दोघांना एकच प्रश्न विचारला: कोणाला कधीच कळणार नसेल, तर आवाज चालू कराल का? रेवण माझे वाक्य पुरे होण्याआधी म्हणाला, “काका, जीव गेला तरी नाही.” त्याच आठवड्यात तो शंकरप्पाच्या गाडीतून उतरताना मला दिसला.

सोनाली पुण्यात अशाच प्रणाली लिहिणाऱ्या एका कंपनीत आहे. तिने मला प्रश्न पुन्हा एकदा विचारायला लावला. मग म्हणाली, “आप्पा, कॉलेजात आम्हाला तीन रस्ते शिकवले. परिणाम बघायचा, कर्तव्य बघायचं, नाहीतर आपण कसलं माणूस होतोय ते बघायचं. पण माणूस तिन्ही रस्त्यांनी स्वतःला हवं तिथंच पोचतो. ऑफिसात रोज बघते. नोकरीवर आलं तर मीही पोचेन. माझ्या एकटीकडं देऊ नका.”

उभ्या आयुष्यात मी सगळ्यांवर संशय घेतला. स्वतःवर घेणारे माणूस मला घरातच भेटले.

५. सबब प्रणालीचे हक्क सोनाली व हुसेनसाब यांना समाईक देत आहे. किल्लीचा अर्धा भाग सोनालीला, अर्धा हुसेनसाबांना. दोन्ही जुळल्याशिवाय काहीही बदलता येणार नाही. रेवणने किंवा हत्तुऱ्यांनी हरकत घेतल्यास ती चालू नये.

हुसेनसाब आधी तयार नव्हते. “मला त्यातलं काय कळतंय?” म्हणाले. मी समजावून सांगितले. त्यांनी विचार केला आणि विचारले, “म्हंजे ताई काही बदलाया आल्या, की मी इचारायचं, हे हातासाठी हाय का तोंडासाठी?”

तेवढेच विचारायचे. उत्तर पटले नाही तर आपला अर्धा भाग द्यायचा नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. साक्षीदारांना यातून काहीही मिळणार नाही. म्हणूनच त्यांना बोलावले.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: ११ जून २०२५

(सही) बिरुदेव ज्ञानबा देवकते

आमच्या समक्ष सही केली:
१. (सही) तिप्पण्णा मल्लप्पा कोरे, शेजारी
२. (सही) डॉ. मारिया साळवे