कोपर आत

मंगळवार, ८ ऑक्टोबर
टायरीकने शनिवारी दोनदा बॉल सोडला. दोनदा! माझ्या अमेरिकन फुटबॉलच्या संघातला बॉल घेऊन सगळ्यात चांगला पळणारा, आणि बॉल साबण लावल्यासारखा निसटतो. शिक्षा दिली – आठवडाभर बॉल काखेत. वर्गात, जेवताना, चर्चमध्येसुद्धा. कुणीही येऊन उडवावा; पडला की स्टेडियमच्या पायऱ्या दहा वेळा.
शिक्षा माझी नाही, कोच गिबन्सची. तेवीस वर्षांपूर्वी याच कॉलेजसाठी मी बॉल घेऊन पळायचो, तेव्हा त्यांनी मला दिली होती. "कोपर आत, अल्टन." पुढे सहा वर्षं मोठ्या व्यावसायिक संघातून खेळलो, बॉल क्वचितच सोडला. गुडघा गेला तेव्हा थांबलो, आणि इथेच कोच होऊन आलो.

बुधवार, ९
बॉल अकरा वेळा पडला. खानावळीत वाढणाऱ्या मिस ओडेसानेही पळीने उडवला! हसून हसून पोट दुखलं.

गुरुवार, १०
सकाळी दाढी करताना लक्षात आलं – मी पाहिलेले सगळे फटके डावीकडून होते. मिस ओडेसाचासुद्धा.
तसाच खानावळीत गेलो. टायरीकच्या डाव्या बाजूला उभा राहून गालाजवळ हात धरला. तो मक्याची पेज खात राहिला.
"कधीपासून?" मी विचारलं. केवढा दचकला!
मग सगळं सांगितलं. ऑगस्टमध्ये सरावात डोक्याला मार बसला, तेव्हापासून डाव्या डोळ्यापुढे धुकं. तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं त्याने पाठ करून म्हणून दाखवली होती. आईलाही ठाऊक नाही. आणि शनिवारी दोन मोठ्या संघांची माणसं खास त्याला बघायला येणार आहेत.
"एवढा शनिवार जाऊ द्या, कोच. मग तुम्ही म्हणाल तसं."
मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर मला ते पटलंच. त्याच्या वयात मीही गुडघा लपवला होता – दुखणं मारायची सुई टोचून घ्यायचो आणि मैदानात उतरायचो. कोच गिबन्सना फसवलं, याचा मला आजवर अभिमान आहे.

शुक्रवार, ११
दर शुक्रवारसारखं कोच गिबन्सना वृद्धाश्रमातून जेवायला नेलं. तळलेला मासा, मक्याचा पाव. वय एक्याऐंशी, डोकं शाबूत. त्यांना टायरीकचं सांगितलं. म्हटलं, मी तुम्हाला गंडवलं तसं हा मला गंडवत होता. ते हसले नाहीत. काटे काढत राहिले.
"तुझा गुडघा मला माहीत होता, अल्टन. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."
"मग बोलला का नाहीत?"
"शनिवारी मॅच होती."
मॅच दर शनिवारीच असते. फार राग आला. आणि त्यांना हात देऊन गाडीत बसवताना रडूही आलं.
घरी बायकोला सांगितलं. व्हर्नेल म्हणाली, मग उद्या तू काय करणार?

शनिवार, १२
सकाळी आठलाच संघाच्या डॉक्टरांना सांगितलं. टायरीक खेळला नाही. एकतीस गुणांनी हरलो. "तुम्ही बरं म्हणाला होतात," एवढंच तो बोलला. तेही खरंच आहे.

सोमवार, १४
डोळ्याचा पडदा फाटलाय. गुरुवारी ऑपरेशन. थोडंफार दिसेल म्हणतात, पण खेळणं संपलं. वीस वर्षांचा आहे! त्याच्या आईला फोन केला. बराच वेळ तिने फोन ठेवला नाही. मीही नाही.

मंगळवार, १५
आठवडा संपला. बॉल परत द्यायला टायरीक स्वतः येईल असं वाटलं नव्हतं. मी कपाटाकडे तोंड करून उभा, हातात सरावाचे कागद. डावीकडून फटका बसला, कागद खोलीभर.
"कोपर आत, कोच."
या गुडघ्याने मला खाली बसता येत नाही. त्यानेच कागद गोळा केले. त्याच्या डावीकडचे दोन राहिले, ते मी दाखवले.